ताबडतोब यथावकाश

ज्या शब्दावर एकमत होत नाही, तो आमच्या कचेरीत चौकोनी कंसात जातो. दोन देशांतून वाहणाऱ्या एका नदीसाठी ही संयुक्त कचेरी उघडली त्याला बावीस वर्षं झाली, आणि पहिल्या दिवसापासून मी इथे मसुदे टाइप करते. एकमत झालं की साहेब म्हणतात, 'कंस काढा.' मी कंस काढते, शब्द राहतो. शब्दच नको असेल तर म्हणायचं, 'शब्द गाळा.' नवा शिपाईसुद्धा पहिल्या आठवड्यात हे शिकतो. साहेबलोकांना बावीस वर्षांत जमलं नाही, कारण मसुदा वाचायचाही असतो हे त्यांच्या कानावर कधी गेलेलंच नाही.

यंदाच्या परिषदेत मुख्य माणसं तीन. वरच्या देशाचे प्रतिनिधी प्रत्येक वाक्य 'तूर्तास'ने सुरू करतात, म्हणून आम्ही टाइपवाल्या त्यांना तूर्तास म्हणतो. खालच्या देशाचे, म्हणजे आमचे, ते खेद. ते सगळं खेदाने नमूद करतात, चहात साखर जास्त पडली तरी. आणि दोघांच्या मधे अध्यक्ष, त्यांचं नाव मधाचं बोट. ते आलटून पालटून दोघांना चाटवतात आणि त्याला समन्वय म्हणतात.

भांडण सातव्या कलमावर होतं. नदीच्या वरच्या अंगाला कागदाची गिरणी आहे आणि तिचं काळं पाणी जसंच्या तसं नदीत येतं. परिषदेसाठी लागणारा कागद तूर्तासांनी त्याच गिरणीतून भेट म्हणून आणला होता. चांगला जाड, गुळगुळीत कागद. नदी वाचवायचे मसुदे मी त्यावर छापत होते, आणि एक स्वल्पविराम हलला की साठ प्रती रद्दीत जात होत्या. याची लाज वाटणारं त्या इमारतीत कुणी असेल तर ते झेरॉक्सचं मशीन. ते दिवसातून दोनदा बंद पडायचं.

खालच्या अंगाला, नदीकाठी, माझ्या ताईचं धुलाईघर आहे. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच ते चालवते. इस्पितळाच्या चादरी तिच्याकडे येतात, आणि दोन वर्षांपासून त्या धुऊन निघतात त्या चहाच्या रंगाच्या. इस्पितळाने तिला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. चादरी पांढऱ्या निघाल्या नाहीत तर काम दुसरीकडे. ताई रडत बसणाऱ्यांतली नाही. ती थेट आमच्या कचेरीच्या पाणी निरीक्षकाला जाऊन भेटली. तो माणूस बरा निघाला, आमच्या कचेरीत असे एखाददुसरे चुकून भरती होतात. त्याने तिला सांगितलं की करारात 'ताबडतोब' असेल तर सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गिरणीच्या नळाला सील ठोकतो. नसेल तर माझे हात बांधलेले.

परिषदेच्या आदल्या दिवशी ताई मला म्हणाली, "बाकी काय लिहायचं ते लिहू दे त्यांना. तू तेवढा एक शब्द बघ."

मी म्हटलं, शब्द ठरवणारी मी कोण, मी फक्त बोटं चालवते. तिने माझ्या हातात पिशवी दिली आणि बसथांब्यापर्यंत सोडायला आली.

तीन दिवस त्या कलमाचं दळण चाललं. खेदांना 'ताबडतोब' हवं होतं, तूर्तासांना 'यथावकाश'. पहिल्या दिवशी एक शब्द कंसात गेला, दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी कलम असं उभं होतं: 'प्रक्रिया न केलेले पाणी नदीत सोडणे [ताबडतोब] [यथावकाश] बंद करण्यात येईल.' हे एक वाक्य लिहायला दोन देशांचे मिळून चाळीस विद्वान लागले. त्यांतल्या एकाने तरी नदी पाहिली होती का, असं मी भोजनाच्या रांगेत एकाला विचारलं. तो म्हणाला, विमानातून दिसते ना.

दुपारी फोटोची वेळ ठरली होती आणि फोटोवाला घाई करत होता. मधाचं बोट धापा टाकत माझ्या खोलीत आले.

"सातव्यातले कंस काढा आणि छपाईला द्या."

"सगळे?"

"सगळे. मिटला वाद."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तिघांनी जिन्यात उभं राहून तोडगा काढला होता: दोन्ही शब्द उडवायचे, नुसतं 'बंद करण्यात येईल' ठेवायचं, केव्हा ते कुणी विचारायचं नाही. पण तोंडातून निघालं 'कंस काढा', आणि आमच्या कचेरीत कंस काढले की शब्द राहतो.

खोलीत मी एकटी होते. एक शब्द पुसायला किती वेळ लागतो? ताईच्या दोरीवरच्या चादरी माझ्या डोळ्यांपुढे आल्या, खोटं सांगत नाही. 'यथावकाश' वगळलं असतं आणि कुणी विचारलं असतं, तर दोन कंसांत गोंधळ झाला म्हणून हात वर करता आले असते. मी चारही कंस पुसले आणि उरलेलं वाक्य वाचलं. ताबडतोब यथावकाश बंद करण्यात येईल. मला असं हसू आलं की खुर्चीला धरावं लागलं. म्हटलं, ठेवाच हे. करू देत सह्या, छापू देत पेपरवाल्यांना, दोन्ही देशांत यांची नाकं कापली जाऊ देत. बावीस वर्षांचा माझा राग त्या दोन शब्दांत पोटभर जेवणार होता. मी छपाईचं बटण दाबलं.

सभागृहात खेदांनी सातवं कलम उभं राहून मोठ्याने वाचलं. 'ताबडतोब यथावकाश' हे तर त्यांनी असं ठासून म्हटलं की टाळ्या तिथेच पडल्या. तूर्तास भेट मिळालेल्या पेनाचं टोपण उघडून बघत होते. मधाचं बोट मान डोलावत होते. सह्या झाल्या, फोटो झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात सातवं कलम चौकटीत छापून आलं, वर मथळा 'ऐतिहासिक'. कुणाचंही नाक कापलं गेलं नाही. मुळात असायला तर हवं.

त्या आठवड्यात प्रत घेऊन मी ताईकडे गेले. बसमध्ये वाटभर हसत होते. ताई अंगणात चादरी काढत होती. तिने हात पुसून प्रत घेतली, पण वाचली नाही. निरीक्षक सकाळीच येऊन गेला होता. दोन्ही देशांत मिळून कलम वाचलेला तो एकटाच माणूस. त्याने वर विचारणा केली होती की नेमका अर्थ काय, आणि वरून उत्तर आलं होतं की अर्थ लावायला उपसमिती नेमली आहे, ती सहा महिन्यांनी बसेल. तोवर सील नाही.

मी तिला कंसांची गंमत सांगितली. ती हसली नाही.

"म्हणजे तो दुसरा शब्द तुझ्या हातात होता?"

मी म्हटलं, "अगं, पकडलं असतं त्यांनी."

"हे कुणी पकडलं?"

"हे कुणी वाचलंच नाही," मी म्हणाले, आणि माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

ताईने प्रत घडी करून माझ्या पिशवीत ठेवली. "त्यांना वाचता येत नाही," ती म्हणाली, "तुला येत होतं."

मग तिने एका चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मुदत संपली होती; इस्पितळाची गाडी चार वाजता सगळ्या चादरी कायमच्या परत न्यायला येणार होती, आणि अजून बऱ्याच घड्या व्हायच्या होत्या.