काटा जागचा हलला नाही

ट्रकवाल्यांत त्याला सगळे कानसेन म्हणत. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा ड्रायव्हर. मेकॅनिकसुद्धा बॉनेट उघडायच्या आधी त्याला विचारायचे. आणि आता हाच गडी स्वतःच्या ट्रकला डिझेलच्या दाबाचा काटा बसवून घ्यायला आला, म्हणजे लोक हसणारच की!

"दादा, तुला काटा?" धाकटा भाऊ म्हणाला. गॅरेज त्याचंच. "मग मांजरालाही टॉर्च देऊ या, उंदीर शोधायला!"

कानसेन हसला, पण जरा उशिराने, भावाचे ओठ थांबल्यावर. खरी गोष्ट अशी, की वर्षभरापासून त्याचे कान गेले होते. माणूस समोर असला, ओठ दिसले, की निभून जायचं. पाठीमागून कुणी बोललं, तर ते भिंतीशी बोलल्यासारखं. मागच्या खेपेला चढावर डिझेल कमी पडून इंजिन धापा टाकत होतं, ते याला कळलं गाडी बंद पडून मागे सरकायला लागली तेव्हा. पण सांगणार कुणाला? बहिरा म्हटलं की परवाना गेला, ट्रक गेला, आणि कानसेन हे नावही गेलं. घरी बसून काय माशा मारायच्या? त्यापेक्षा काटा बरा. कान सांगत नव्हते ते निदान डोळ्यांना दिसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची!

धाकट्याचं काम देखणं. फिल्टरवरचा एक बोल्ट काढून त्या जागी त्याने दाब मोजणारा सेन्सर बसवला, तांब्याचे नवे वायसर घातले, हातपंप मारून डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढली आणि तार आत नेऊन स्टिअरिंगशेजारी काटा जोडला. मग खिडकीखाली येऊन मान वर करून म्हणाला, "चालू कर आणि रेस धरून ठेव. सांध्यातून डिझेल पाझरतंय का बघतो. हाक मारली की लगेच बंद. ऐकतोयस ना?"

अरे, आता तरी बोल की माणसा! 'हाक नको मारूस, कुणाला तरी माझ्यासमोर उभं कर,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण धाकट्यासमोर थोरल्याने मान खाली कशी घालायची?

"ऐकतोय रे. तू हो पुढे," तो म्हणाला.

धाकटा उघड्या बॉनेटच्या आड गेला. कानसेनने चावी फिरवली, पाय दाबला. काटा उठला आणि हिरव्या पट्ट्यावर जाऊन उभा राहिला. काय सांगू, वर्षभराचा पोटातला गोळा विरघळला त्याच्या! त्याने पाय आणखी दाबला. काटा जागचा हलला नाही. आता कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. अजून पुष्कळ वर्षं चालवीन, असं मनाशी म्हणत तो काट्याकडे बघत बसला.

समोरचा टायरवाला दोन्ही हात हलवत धावत येताना दिसला. काटा बघायला येतोय, असं वाटून यानेही हात केला. टायरवाल्याने दार उघडलं, याला बाजूला ढकललं आणि इंजिन बंद केलं.

सांधा पुसताना फडकं पंख्याच्या पट्ट्यात गेलं होतं, आणि फडक्याबरोबर हात. धाकट्याच्या हाका पार पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेल्या होत्या, हे टायरवाल्याने नंतर सांगितलं.

उजव्या हाताची चार बोटं गेली. मेकॅनिकचा उजवा हात! दवाखान्यात धाकट्याच्या खाटेशी त्याची बायको उभी होती. ती कानसेनसमोर आली.

"भावजी, एकही हाक ऐकू आली नाही?"

"नाही गं. वर्षभर झालं, मला काहीच ऐकू येत नाही."

खाटेवरच्या धाकट्याने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तो बोलायला लागला. पाठीमागून फक्त त्याचा जबडा हलताना दिसत होता. बराच वेळ बोलला. ऐकता ऐकता त्याच्या बायकोने तोंडावर हात दाबून धरला.

तो काय म्हणाला, हे तिला विचारायची कानसेनची छाती झाली नाही.