तिसऱ्या रांगेतला आवाज

डोरीनने व्हर्जिलच्या बरगडीत कोपर मारलं. मग पुन्हा मारलं, या खेपेला जरा जोरात.

"काय?" व्हर्जिल म्हणाला.

तिने कोर्टाकडे बोट दाखवलं. नवी मुलगी, टेस होल्डरमन, मधोमध चेंडू आपटत उभी होती आणि समोरच्या दोघींनी तिला कोंडीत पकडलं होतं. डाव्या बाजूला तिची सहकारी दोन्ही हात वर करून मोकळी उभी होती. ती सगळ्या हॉलला दिसत होती, फक्त टेसला दिसत नव्हती. डोरीनने डोळे मोठे केले, हनुवटी उडवली आणि पुन्हा कोपर उगारलं.

"डावीकडे मोकळी आहे," व्हर्जिल म्हणाला. जेवताना मीठ मागावं तसं.

चेंडू गेलाच. पाहुण्यांनी तो हिसकावला, पलीकडे पळवला आणि निवांत बास्केट केली.

मागच्या रांगेतून बेव्ह ट्रॉटर पुढे वाकली. तिच्या हातातल्या पुड्यातले दोन-चार पॉपकॉर्न व्हर्जिलच्या कॉलरवर सांडले. "व्हर्जिल, सामन्याला आलायस की कुणाच्या मयताला?"

व्हर्जिलने कॉलर झटकली आणि नेहमीसारखं हसून घेतलं.

मोसमातला पहिला सामना होता. ओहायोतलं कुठलंसं छोटं कॉलेज अ‍ॅशबीच्या मुलींशी खेळायला आलं होतं. हॉल निम्मा रिकामा, बँडमध्ये एक ढोल आणि चार पिपाण्या, जमिनीला नव्या पॉलिशचा वास. अ‍ॅशबी गावात बास्केटबॉलचे खरे चाहते आणि हौशे यांच्यातला फरक याच दिवसांत कळायचा. फेब्रुवारीत, चुरस लागल्यावर, कुणीही येतं. नोव्हेंबरात यायचं तर मुळात वेड लागतं. डोरीनला ते होतं. नोव्हेंबरात अजून कुणी हरलेलं नसतं. पहिल्या वर्षाच्या मुलींची नावं अजून जिभेवर बसायची असतात, आणि त्यांतली कोणती पुढे गावभर गाजणार हे कुणालाच ठाऊक नसतं. ते आपल्याला सगळ्यांच्या आधी कळावं, यासाठी ती गेली कित्येक वर्षं तिसऱ्या रांगेत त्याच दोन जागांवर नवऱ्याला घेऊन बसत होती.

बसत होती म्हणजे, व्हर्जिल बसायचा. ती उभी असायची. पंच तिला नावाने ओळखत. तिचा आवाज बँडच्या वर जायचा, आणि जुन्या मुली तिला मिसेस के म्हणत, आणि शपथेवर सांगत की त्या ओरडल्या की पायात आपोआप जोर येतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्या आवाजावर सुरी चालली. स्वरयंत्रावरची गाठ साधी निघाली, तरी सर्जनबाईंनी बजावलं, की एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुज ओरडण्याहून वाईट. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाल्यावर तपासू. आवाज परत येईल, पण कसा येईल ते आज सांगता येणार नाही.

"मग पहिले सामने घरीच बसून बघूया का?" व्हर्जिलने विचारलं होतं. त्यावर डोरीनने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने मोटारीच्या किल्ल्या उचलल्या.

आता तिचा चेहरा लाल झाला होता. समोरची मुलगी चेंडू न आपटता सरळ चार पावलं चालली आणि पंच ढिम्म. डोरीनचं तोंड उघडलं. व्हर्जिलने घाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तोंड मिटलं, पण डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं की दुसऱ्या कशाचं, हे त्याला समजेना.

तो उठला. डोक्यावरची टोपी त्याने काढली. का काढली, हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही.

"ए पंच!"

आवाज फाटला. पुढच्या रांगेतली माणसं वळली. पंचही वळला. आता पुढे काहीतरी बोलणं भाग होतं.

"चेंडू घेऊन चालली ती!" व्हर्जिल म्हणाला. मग थोडं थांबून, "फिरायला निघालीय का?"

हॉल खदखदून हसला. बेव्हने पाठीवर इतक्या जोराने थाप मारली, की तो बसलाच. त्याचे कान लाल झाले होते. डोरीनने त्याचा हात घट्ट धरला आणि सामना संपेपर्यंत सोडला नाही. अ‍ॅशबीने सामना कसाबसा जिंकला.

पुढच्या शनिवारी निघण्याआधी त्यांनी स्वयंपाकघरात खुणा ठरवल्या. एक कोपर म्हणजे पंच. दोन कोपरं म्हणजे चेंडू दे. चिमटा म्हणजे पळा.

"आणि दोन्ही हातांनी गळा धरलास तर?" व्हर्जिलने विचारलं.

तिने त्याच्याकडे बोट रोखलं.

"म्हणजे माझा गळा. बरं."

त्या दिवशी समोरचा संघ तयारीचा होता. पहिल्या अर्ध्यात व्हर्जिलने प्रत्येक कोपराला इमानदारीने आवाज दिला. दुसऱ्या अर्ध्यात बरोबरी झाली तशी त्याची गडबड उडू लागली. एका कोपराला त्याने "पळा!" म्हटलं आणि पंच बिचारा त्याच्याकडे बघत राहिला. बेव्ह हसून हसून बाकावर आडवी झाली. पण खेळाने आता वेग घेतला होता. चेंडू या टोकाहून त्या टोकाला जात होता, बुटांच्या करकरीने कान भरले होते, आणि टेस होल्डरमन पहिल्यांदाच मान वर करून खेळत होती. तिने न बघता पाठीमागून दिलेला एक पास अचूक पोहोचला तेव्हा अर्धा हॉल उभा राहिला. डोरीनने तर दोन्ही मुठी छतापर्यंत नेल्या.

शेवटी टेसला दोन फ्री थ्रो मिळाले. डोरीनने कोपर उचललं, पण ते पोहोचण्याआधीच व्हर्जिल उभा राहिला होता.

"सावकाश, पोरी!" तो म्हणाला. ओरडून नाही, पण पोहोचेल असं. "कुणी मागे लागलेलं नाही!"

टेसने चेंडू हातात फिरवला, खांदे सैल सोडले. दोन्ही चेंडू जाळीतून सरळ गेले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोरीनचं कोपर तसंच हवेत राहिलं. मग तिने ते खाली घेतलं आणि मफलरचा गोंडा कुरतडायला सुरुवात केली. आपण असतो तर "घाल! घाल!" म्हणून किंचाळलो असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर व्हर्जिल बोलायला लागला. मक्याची कापलेली शेतं दोन्ही बाजूंनी मागे जात होती, वर दुपारचा फिका उजेड होता, आणि फ्रिज दुरुस्त करण्यात हयात गेलेला, चार वाक्यांत दिवस भागवणारा हा माणूस थांबायलाच तयार नव्हता. टेसचा डावा हात कच्चा आहे. मधल्या उंच पोरीला बाहेर काढायला हवं. आणि प्रशिक्षकबाई खेळ थांबवून टाइमआउट फार उशिरा घेतात.

"आणि एक सांगू? रागावू नकोस. तू फ्री थ्रोच्या वेळी ओरडतेस ना, तेव्हा पोरी खांदे वर घेतात. मी बघत आलोय."

डोरीनने समोरच्या डॅशबोर्डवर हात आपटला.

"नाही, सगळ्याच नाही. पण नव्या पोरी घेतात."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. उत्तरं ओठांपर्यंत येत होती आणि तिथेच अडकत होती. एरवी तिने एवढ्यात त्याला गप्प केलं असतं. हे मनात आलं आणि तिचं खिडकीबाहेरचं लक्ष उडालं.

"मग आधी कधी बोलला का नाहीस, असं विचारशील," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "आमच्याकडे सामना ऐकायचा म्हणजे बाबांच्या ट्रकमध्ये बसून, रेडिओवर. कुणी एक शब्द बोललं की बाबा रेडिओ बंद करायचे. निकाल दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचा. म्हणून मी श्वाससुद्धा दबकत घ्यायचो." तो हसला. "सवयच लागली. आणि मग तू भेटलीस. तू होतीसच की बोलायला."

डोरीन वळली. इतक्या वर्षांत त्या ट्रकची गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. तिने त्याच्याकडे बघून हाताने खूण केली. पुढे सांग.

तो घरी पोहोचेपर्यंत सांगत राहिला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी टर्की कापतानाही तो जावयाला बचाव कसा लावायचा ते सांगत होता. मुलीने आईकडे बघून भुवया उंचावल्या. डोरीनने बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं आणि गालातल्या गालात हसली.

मंगळवारी सर्जनबाईंनी नळी आत घालून पाहिलं. "सुंदर भरलंय. म्हणा काहीतरी."

"डोरीन काउफमन," डोरीन म्हणाली.

आवाज खालून आला, खरखरीत, कडेला जरासा फाटलेला. तिने दचकून बाईंकडे पाहिलं.

"हाच आता तुमचा आवाज. आणखी थोडा मोकळा होईल. बोला खुशाल. शनिवारी ओरडलात तरी हरकत नाही, पण बेतानं."

व्हर्जिल खाली मोटारीत बसून फोनवर काहीतरी बघत होता. ती शेजारी येऊन बसते न बसते तोच त्याने फोन तिच्यापुढे धरला. "शनिवारचा संघ. मोठ्या विद्यापीठाचा आहे, आपल्याला चिरडायलाच येतायत. पण ती त्यांची उंच पोरगी बघ. डावीकडे वळतच नाही ती! एकदाही नाही! टेसला कुणीतरी हे..." तो थांबला. "अरे, काय म्हणाल्या डॉक्टर?"

डोरीनने तोंड उघडलं.

व्हर्जिल वाट बघत होता. त्याने फोन मांडीवर उपडा ठेवला होता, ओठ मिटून घेतले होते, आणि त्याचा चेहरा आवरून, जागच्या जागी ठेवून दिल्यासारखा झाला होता. इतकी वर्षं सामन्यात शेजारी गप्प बसलेला तो चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

तिने हात वर केला आणि अंगठा-तर्जनीत थोडं अंतर दाखवलं. अजून थोडे दिवस.

"असू दे," तो म्हणाला. "आपल्याला कुठे घाई आहे? हं, तर ती उंच पोरगी..."

शनिवारी दुपारी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. हौशे सगळे आले होते. विद्यापीठाच्या मुली बसमधून उतरल्या तेव्हाच लोक म्हणाले, या दारातून वाकून येतील. पहिल्या अर्ध्यात अ‍ॅशबीची दाणादाण उडाली.

"उंच पोरगी!" व्हर्जिल ओरडत होता. "डावी बाजू द्या तिला! डावी द्या!"

"व्हर्जिल, तुझं ऐकतंय कोण?" बेव्हही ओरडत होती. "तरी बोंबल, बरं वाटतं!"

कुणी ऐकलं की मुलींनी आपणहून ओळखलं, देव जाणे. पण दुसऱ्या अर्ध्यात त्या उंच मुलीची उजवी बाजू बंद झाली, आणि ती जागच्या जागी घुटमळू लागली. फरक घटत आला. टेसने दोनदा चेंडू पळवला. बरोबरी झाली तेव्हा बाकं थरथरायला लागली. व्हर्जिल उभाच होता, टोपी कुठे पडली याचा त्याला पत्ता नव्हता. डोरीनही उभी होती. कोपर, चिमटा, काही नाही. दोघंही कोर्टाला डोळे लावून होते.

शेवटचा डाव. अ‍ॅशबी एका गुणाने मागे. टेस मधून घुसली, तिघी तिच्यावर तुटून पडल्या, तिने हवेतच चेंडू बाहेर सोडला. ज्या मुलीकडे तो गेला तिचं नावही अजून निम्म्या लोकांना येत नव्हतं. तिने क्षणभरही न थांबता फेकला. चेंडू कडीवर आपटला, वर उडाला, पुन्हा कडीवर टेकला, आणि आत पडला.

त्या गदारोळात भोंगा वाजलेला कुणालाच ऐकू आला नाही. मुली एकमेकींवर पडल्या. बेव्हने पॉपकॉर्नचा पुडा उधळला. कुणीतरी कुणाला तरी मिठी मारत होतं. डोरीन बाकावर चढली होती, दोन्ही हात वर, मान ताणलेली.

गोंगाट ओसरायला लागला, तसा एक आवाज मागे उरला. जाड, खरखरीत, कुणाच्या ओळखीचा नसलेला.

"घातला! घातला गं पोरींनो!"

व्हर्जिल हळूहळू वळला. त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्याने तिचा दंड धरून तिला खाली उतरवलं.

"डोरी, तू ओरडतेयस. अगं, डॉक्टरांनी..."

"मंगळवारीच मोकळं केलंय त्यांनी मला."

दोघंही क्षणभर त्या आवाजाकडे लक्ष देऊन थांबले, कुणी तिसरं बोललं असावं तसे.

"मंगळवारी?" व्हर्जिल म्हणाला. त्याचा स्वतःचा घसा पार बसला होता. "मग सांगितलं का नाहीस?"

डोरीनने त्याच्या खांद्यावरचा पॉपकॉर्न टिपला.

"तू बोलत होतास."

लोक कोट चढवत होते, दाराकडे सरकत होते. बेव्ह जाता जाता दोघांना काहीतरी ओरडून गेली. व्हर्जिल मात्र पुन्हा बाकावर बसला, थोडा सरकला आणि शेजारची जागा हाताने साफ केली. डोरीन बसली.

"आता तू बोल," तो म्हणाला.

डोरीनने तोंड उघडलं. तिला पटकन काही सुचेना.