वेशीतला विसावा

"श्वास चाललाय का बघा हो," इंद्रायणी चुलीजवळून म्हणाली.

"चाललाय," रोहिदास म्हणाला, आणि त्याची नजर आपोआप कॅलेंडरकडे गेली.

सोमवारी गावची वेस पाडणार होते. कंपन्यांचे कंटेनर तिच्या कमानीत अडकून सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते, म्हणून रस्ता रुंद व्हायचा होता. रोहिदास कुणाला बोल लावणार? तो स्वतः भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा, त्याचाच माल त्या कंटेनरमधून जायचा. पण त्याचे वडील सोपानराव दिवाळीपासून अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचं मागणं एकच होतं, मला वेशीतून न्या.

गावात कुणी गेलं की तिरडी वेशीत टेकवायची, खांदेकऱ्यांनी पुढचे मागे, मागचे पुढे व्हायचं आणि मग ओढ्याकाठच्या स्मशानाकडे निघायचं. त्याला विसावा म्हणतात. सोपानरावांनी बापाला तिथे टेकवलं होतं, बायकोलाही.

म्हातारा सोमवारच्या आत गेला तर बरं, असं रोहिदासच्या मनात पहिल्यांदा आलं तेव्हा त्याने स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. दुसऱ्यांदा आलं तेव्हा नाही मारली. त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

रविवारी दुपारी त्यांचा बीडचा भाडेकरू नवनाथ दारात आला आणि बोलून गेला, "दादा, येशीपाशी पोकलेन आलंय बगा. सकाळीच लावणारेत म्हनं."

रोहिदासने त्याला डोळ्यांनी दटावलं, पण उशीर झाला होता.

"उद्या पाडत्यात व्हय?" अंथरुणातून आवाज आला. "मग मला आजच न्या."

"आण्णा, अवो जित्या माणसाला कुणी..."

"मग काय मरू म्हंतोस? मला घाई न्हाई. त्यान्ला हाय."

रोहिदासला वर बघवेना. इंद्रायणीने प्लास्टिकची खुर्ची पुसून आणली आणि सासऱ्यांचं धुतलेलं धोतर काढून दिलं.

खुर्चीच्या चार पायांना चौघे लागले. पुढे रोहिदास आणि नवनाथ, मागे शेजारचा रिक्षावाला विक्की आणि त्याचा मेहुणा. गल्लीतले लोक हळहळायच्या तयारीने बाहेर आले आणि खुर्चीतला माणूसच रामराम घालतोय म्हटल्यावर गोंधळले. समोरच्या शालनबाईंनी तर तोंडाला पदर लावला होता, तो त्यांना काढावा की ठेवावा कळेना.

वेशीत खुर्ची टेकवली. सोपानरावांनी दगडावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पलीकडे पोकलेन उभं होतं. मग खुर्ची उचलायची म्हणून चौघे वाकले, तेव्हा सवयीने रोहिदास पुढचा मागे झाला. लक्षात येताच तो थिजला.

"थांबू नगंस, बदला," सोपानराव म्हणाले. "रीत हाय ती."

चौघांनी जागा बदलल्या, खुर्ची उचलली आणि मग कुणालाच कळेना, न्यायचं कुठे? पुढे ओढा होता. विसावा झाल्यावर वेशीतून माघारी फिरायची तर रीतच नव्हती. शेवटी विक्कीने रिक्षा आणली आणि म्हाताऱ्याला हायवेने लांबचा वळसा घालून मागच्या रस्त्याने घरी आणलं.

इंद्रायणी दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. लांबच्या प्रवासाहून आलेल्यावरून ओवाळावा तसा तिने तो तुकडा सासऱ्यांवरून ओवाळला आणि दूर फेकला.

"पोरी, च्या टाक," ते म्हणाले. मग लेकाकडे वळले. "आता कवाबी न्या. कुठनंबी न्या."

सकाळी वेशीकडून धडधड सुरू झाली. रोहिदासने वडिलांच्या छातीकडे पाहिलं. ती हलत होती. चालू दे रे देवा, अजून चालू दे, असं पुटपुटत तो उशाशी बसला आणि झोपलेल्या म्हाताऱ्याचे दोन्ही कान त्याने हातांनी झाकून धरले.