तिसरा फेटा

हिरेवाडी, बसवणगाव आणि कोळीतळं या तीन गावांच्या जत्रा उन्हाळ्याच्या तोंडावर एकापाठोपाठ येतात, आणि तिन्हीकडं घोडी पळवतात. जिंकेल त्याला गावचा फेटा. एकाच उन्हाळ्यात तिन्ही फेटे एकाच घोड्यानं आणावेत असं प्रत्येक घोडेवाल्याला वाटतं, आणि आजवर ते कुणालाही जमलेलं नाही. त्यात अट अशी की जनावर पाच वर्षांच्या आतलं पाहिजे. म्हणजे अंगात जरा ताकद भरली, मैदानाची समज आली, की त्याची मुदत संपली. ही अट ज्यानं घातली त्याचं घोड्यांशी काहीतरी वाकडं असावं.

यंदा नागम्माच्या कस्तुरीनं पहिले दोन फेटे मारले होते. हिरेवाडीत विधवा बाईच्या डोक्याला फेटा कसा बांधायचा यावर पंचांची बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी त्यांनी तो ऋतुराजच्या डोक्याला बांधला, कारण घोडीवर बसणारा तो होता. बसवणगावातही तेच झालं. नागम्मा दोन्ही वेळा बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही, कारण असं बाजूला उभं राहण्याचा तिला सहा वर्षांचा सराव होता.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा महेश्वर गेला. मुलगा गुरु पुण्यात नोकरीला, फोन करतो तो रविवारी, तोही जेवता जेवता. अक्कलकोट रस्त्याला, शहर संपतं तिथं तिचं घर. मागं तबेला, आणि तबेल्यात महेश्वरनं हौसेनं ठेवलेल्या घोडीचं, तो गेल्यावर झालेलं पिल्लू, ते आता कस्तुरी झालेलं. गल्लीतल्या बायका वाईट नव्हत्या. रस्त्यात भेटल्या की हसायच्या, बोलायच्या. पण हळदीकुंकवाची बोलावणी शेजारच्या दारापर्यंत येत आणि तिचं दार सोडून पुढं जात. दिवसभर ती घोडीशी कानडीत बोलायची. घोडी ऐकून घ्यायची, हे तिचे उपकारच.

दुसरा फेटा आला त्या दिवशी ऋतुराजनं चहा पिता पिता तिला समोर बसवलं. हा जेऊरचा पोरगा, पुण्याच्या रेसच्या तबेल्यात चार वर्षं राबला, अंगानं वाढला म्हणून जॉकी व्हायचा राहिला. आता शेजारच्या खोलीत राहून सकाळी घोडी फिरवायचा, आणि मग कामाला जायचा तो रात्रीच परतायचा.

"मावशी, पुन्या-मुंबईला बी अशीच तिहेरी शर्यत असती. ट्रिपल क्राऊन म्हनत्यात. तितं डाक्टर हायत, पंखं हायत, लाखालाखाची जनावरं हायत. तरी वरसं जात्यात, कुनाला मिळत न्हाय."

"का रं?"

"आता बगा की. हिरेवाडीला नुसतं सुटायचं, डोळं मिटून उघडंस्तवर संपतंय. बसवनगावाला वळण हाय, तितं डोस्कं लागतंय. आन कोळीतळ्याला आख्ख्या तळ्याला येढा, त्यो बी वाळूतनं. तितं दम. म्हंजी एकाच घोडीनं तीन येगळ्या घोड्या व्हायचं. आन तितं आपल्या शेजारी जे घोडं उभं ऱ्हातंय, ते पयल्या दोन जत्रंला घरी खात बसल्यालं असतंय. ताजं."

"मग आपन काय करायचं?"

"झोपू द्यायचं तिला. घोडं उभ्यानं डुलकी काढतंय, पर खरी झोप आडवं पडल्याबिगर न्हाय. आन माणसं आसपास असली की ती आडवी पडत न्हाय. तीन आठवडं तबेल्यात कुनाला येऊ द्यू नगा. कुनालाच. तिसरा फेटा झोपंतनं येतोय, मावशी."

नागम्मानं मान डोलावली. मनापासून डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायाक्का आली. मायाक्का म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. तिच्या मागं पाच-सहा बायका, एकीच्या हातात पुरणपोळीचं ताट, एकीच्या हातात आरती.

"नागम्माक्का, लक्ष्मी हाय तुमच्या घरात. ववाळायला आलो."

नागम्मा दारात आडवी उभी राहिली. घोडी दमली आहे, नंतर या, एवढंच म्हणायचं होतं. पण सहा वर्षांत तिच्या उंबऱ्याशी एवढ्या चपला कधी निघाल्या नव्हत्या. ती बाजूला झाली.

बायकांनी घोडीला ओवाळलं, पुरणपोळी चारली, मोबाइलवर फोटो काढले. नागम्मा सवयीनं भिंतीला टेकून उभी होती. तेवढ्यात मायाक्कानं करंडा तिच्यापुढं धरला आणि सहज म्हणाली, "अवो, तुमी बी लावा की कुंकू तिला. तुमचीच लेक हाय."

नागम्मानं कुंकवात बोट बुडवलं. घोडीच्या कपाळावर ते टेकवल्यावर तिला बोट उचलवेना, आणि बाकीच्या बायका मोबाइलमध्ये बघत होत्या म्हणून बरं झालं. त्यानंतर तिला दार लावणं शक्यच नव्हतं.

मग रीघ लागली. ऋतुराज कामाला गेला की कॉलेजची पोरं, दुपारी बायका, संध्याकाळी कुणाचे तरी पाहुणे, आणि प्रत्येकाच्या हातात गूळ नाहीतर हरभऱ्याची डाळ. नागम्मा चहाचं पातेलं चुलीवरून उतरवेना. कोण कुठल्या गावची, कुणाची सून बाळंत झाली, सगळं तिला पुन्हा कळू लागलं. रविवारी गुरुचा फोन आला तर तिनं चक्क सांगितलं, "घरात मान्सं हायत रं, मागनं बोलते." हे वाक्य उच्चारताना तिला जे सुख झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

घोडी मात्र दिवसभराच्या गर्दीनं बिथरून रात्रीही आडवी पडेना. पहाटे नागम्मा तबेल्यात गेली की उसाच्या पाचटाचं अंथरूण जसंच्या तसं दिसायचं, आणि कस्तुरी कोपऱ्यात मान खाली घालून उभी. दाराशी जरा खुट्ट झालं की दचकायची. तिच्या बरगड्या हाताला लागू लागल्या; ऋतुराजला वाटायचं, दोन शर्यतींचा शीण आहे.

ऋतुराज सकाळी आल्या आल्या विचारायचा, "मावशी, पडली का आडवी?"

पहिल्या दिवशी नागम्मा म्हणाली, "व्हय, पडली की." दुसऱ्या दिवशी त्यानं न विसकटलेल्या पाचटाकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्या नजरेला ती भ्याली. तिसऱ्या दिवशी तिनं जे केलं ते शहाण्या बाईनं करू नये. उजाडायच्या आधी ती तबेल्यात गेली आणि स्वतः त्या पाचटात आडवी झाली. कुशीवर वळली, लोळली, पाय झाडले. अंथरूण घोडी झोपून उठल्यासारखं विसकटलं. कस्तुरीनं मान वाकवून तिचे केस हुंगले. नागम्मा मग रोजच तशी पडू लागली, आणि कधी कधी तिचा तिथं डोळाही लागायचा.

दर पहाटे ती ठरवायची की आज कुणाला आत घ्यायचं नाही. दर दुपारी चपलांचा आवाज यायचा.

कोळीतळ्याला गल्लीतून एक आख्खा टेम्पो भरून माणसं आली. नागम्मा बायकांच्या मधोमध बसली होती आणि मायाक्कानं तिचा हात धरला होता. घोडी सुटली तेव्हा पुढंच होती. अर्धं तळं होईपर्यंत टेम्पोच्या टपावरून आरोळ्या चालल्या होत्या. मग वाळू खोल झाली, कस्तुरीचं अंग मधेच सैल झालं, आणि बाकीची घोडी एकेक करून तिच्या बाजूनं निघून गेली. ती पाचवी आली. मायाक्कानं हात कधी सोडला ते नागम्माला कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुणी भांडलं नाही, टोमणा मारला नाही. रस्त्यात सगळ्या हसल्या, बोलल्या. नागम्मा दोन्ही दिवस दुपारी चहाचं आधण ठेवून बसली आणि ते आटून गेलं. ऋतुराज तेवढा रोजच्यासारखा यायचा, खरारा करायचा, चहा प्यायचा. आता तोच एक होता.

चौथ्या दिवशी त्यानं कप खाली ठेवला.

"मावशी, इकून टाका हिला. आमच्या जेऊरशेजारी केम गाव हाय, तितं माज्या वळखीचा वरातवाला हाय, त्यो घील. घोडी देखनी हाय, नाचंल बी."

"वरातीला? आन बँडम्होरं?"

"दम न्हाय तिच्यात. मी पुन्याला अशी लई बगितल्यात. तीन आठवडं रोज पोटभर झोपली, तरी वाळूत मोडली. म्हंजी काळीजच न्हाय. गावात बी मी तसंच सांगितलंय."

नागम्मानं कस्तुरीकडं बघितलं. गप्प बसलं असतं तर उद्या सकाळी तो पुन्हा आला असता, परवाही आला असता. निदान घोडी विकेपर्यंत तरी. हे तिला लख्ख दिसत होतं, आणि त्या एका कपाच्या सोबतीसाठी तिचा जीव तुटत होता. पण घोडीच्या नावाला लागलेला डाग तिच्यानं बघवेना.

"ती झोपली न्हाय, ऋतुराज."

"आं?"

"एक दिस बी न्हाय. मान्सं येत हुती. मला न्हाय म्हनवलं न्हाय. पाचटात मी लोळत हुते, तुला दिसावं म्हनून. बिनझोपंची अर्दं तळं पुढं हुती ती. काळीज न्हाय म्हनू नगं तिला."

ऋतुराजनं तबेल्यातलं पाचट पायानं जरा बाजूला सारलं. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पुण्यातनं मोडून आलेल्या त्या पोराची हीच एक शर्यत होती, आणि पुढच्या साली घोडी पाचाच्या वर जाणार होती. तो उठला, कस्तुरीच्या मानेवरून एकदा हात फिरवला, आणि खोलीकडं न वळता थेट स्टँडच्या रस्त्याला लागला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. नागम्मानं हाक मारली नाही, कारण हाक मारण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही हे तिला ठाऊक होतं.

ती तबेल्याच्या पायरीवर बसली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बऱ्याच वेळानं पाठीमागं पाचट करकरलं, मग मोठा धप्प आवाज झाला. तिनं वळून बघितलं. कस्तुरी आडवी पडली होती, चारी पाय पसरून, भरदिवसा, आणि तिचा श्वास लांब आणि जड चालला होता.

नागम्माला रडू फुटलं. पण आवाजानं घोडी जागी होईल म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशीच, हूं की चूं न करता, रडत राहिली.