हात नसलेल्या दीर्घिका

आखाडा बाळापुरातून चित्रकलेचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मी विश्व हाती घेतलं. मोठाल्या दुर्बिणी आकाशाचा कोपरान् कोपरा धुंडाळून दीर्घिकांचे, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट जत्रांचे, लाखो फोटो काढतात. शास्त्रज्ञ तरी किती बघणार? म्हणून ते इंटरनेटवरून आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना विचारतात: हिला वळणदार हात आहेत की नुसताच गोळा? तीन वर्षांत मी तीस हजार दीर्घिकांचा निकाल लावला. शाळेत पोरांची चित्रंसुद्धा इतक्या बारकाईनं तपासली नव्हती.

गेल्या वर्षापासून हात कमी होऊ लागले. आधी विसातल्या आठ दीर्घिकांना असायचे, मग तिघींना, मग एखादीलाच. मी तक्ता मांडला. विश्व म्हातारं होत चाललंय, हा शोध आता माझ्या नावावर लागणार, याची मला खात्री पटली. सत्काराचं भाषणही लिहून ठेवलं.

"डाळीतला खडा दिसंना तुमाला," माझी बायको करुणा म्हणाली.

"इथं विश्वाचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

शोधाचं पत्र इंग्रजीत करायला सुनेला, निलमला, बसवलं. तिनं माझे गोळे पाहिले. "मामा, ह्याला तर दोन हात हायत की. ह्यालाबी."

मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनची भीती होतीच, पण खरा घोर वेगळाच लागला. वर्षभरातले माझे अकरा हजार निकाल चुकले होते. दीर्घिका कशा घडतात, याचं अख्खं शास्त्र मी एकट्यानं बुडवलं होतं. हिंगोलीला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्याच दिवशी मी निलमकडून कबुलीजबाब पाठवला: माझं वर्षभराचं काम पुसून टाका, क्षमा असावी.

आठवड्यानं उत्तर आलं. निलमनं मराठी करून वाचलं. प्रत्येक फोटो चाळीस जण बघतात. ज्याचं मत इतरांशी जुळत नाही, त्याच्या मताला वजन कमी देतात. तुमचं वजन वर्षभर जवळपास शून्यच होतं, त्यामुळे काहीही बिघडलेलं नाही. काळजी नसावी.

मी सुटलो होतो. पण आपल्यावाचून कुणाचंच काही अडलं नाही, याचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

"अहो, काय करून राहिले हे?" करुणा धावत आली. "डोळ्याला पाणी लागू द्यायचं न्हाई म्हणलंय डॉक्टरनं."

"आतून येऊन राहिलंय," मी म्हणालो.