काढा ते चष्मे!

तोरेऑन शहराच्या चौकात आम्ही खगोल मंडळाच्या पोरापोरींनी महिनाभर ग्रहणाचे चष्मे वाटले. आमचा म्होरक्या उलिसेस भोंग्यावरून बजावायचा, "चष्मा काढलात की आंधळे झालात!" सूर्य पुरता झाकला की तेवढा वेळ चष्मा काढायचा असतो, हे त्या गाढवाने एकदाही सांगितलं नाही.

आज सूर्य झाकला, भोवतीचं तेज फुललं आणि अख्खा चौक काळ्या चष्म्यांतून नुसता काळोख बघत उभा!

मी माझा चष्मा भिरकावून ओरडले, "काढा ते चष्मे!"

"आम्हाला आंधळं करतेस काय गं?" गोर्दिता, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, विकणारी एउलालिया मावशी खेकसली.

मी उलिसेसला गदागदा हलवलं. "मेल्या, भोंग्यावरून सांग ना त्यांना! आत्ता उजाडेल!"

चष्मा न काढताच तो म्हणाला, "थांब. आधी तू आंधळी होतेस का बघू दे."