टेकचंद महाराजांचा उरलेला आवाज

अड्याळच्या टेकचंद महाराजांनी चाळीस वर्षं कीर्तन केलं, पण आपला आवाज कुणाला भरून घेऊ दिला नाही. मांडवात कुणी मोबाइल वर धरला की ते टाळ थांबवत. "बंद कर बापू. कीर्तन समोर बसून आयकाचं असते. डब्यात भरला का भात शिळा होते." लोक हसत, मोबाइल खिशात जाई आणि महाराज पुन्हा असा सूर लावत की शेवटच्या ओळीतल्या म्हातारीलाही देव शेजारी येऊन बसल्यासारखं वाटे. असं सुख वाटणारा माणूस. पण देवानं दिलेली जीभ मांडवात एक आणि घरात एक अशी ठेवू नये, हे मात्र त्यांना कधी उमजलं नाही.

माघात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. वीस दिवसांनी दवाखान्यातून घरी आले ते चाकाच्या खुर्चीत. तोंडातून फक्त "हं, हं" निघे आणि त्यामागून लाळ.

आशा एकच उरली होती. दोन वर्षांपूर्वी अंगणातून धानाची पोती चोरीला गेली, तेव्हा मुलानं, भूपेंद्रनं, फाटकावर आणि ओसरीत कॅमेरे बसवले होते. ते नुसते पाहत नसत, ऐकतही असत, आणि सगळं आतल्या संगणकात जाऊन साठत असे. ओसरीतल्या त्याच कॅमेऱ्याखाली बसून महाराज रोज पहाटे रियाज करायचे. म्हणजे आवाज होता. घरातच होता.

सप्ताहाचा विणेकरी लक्ष्मणराव भेटायला आला तेव्हा हे त्यालाही सुचलं. "महाराज, काल्याच्या दिवशी तुमचाच आवाज लावू. गाव आयकल." त्या दिवसापासून महाराजांना दुसरा ध्यास नव्हता. डाव्या हातानं कॅमेरा दाखवायचा, मग गळा दाखवायचा, मग संगणकाची खोली.

संगणक सुनेचा, हर्षाचा. ती त्यावर गावकऱ्यांचे फॉर्म भरून द्यायची आणि कॅमेऱ्यांची उठाठेवही तीच पाही. सासऱ्याला पेज भरवता भरवता एकदा ती म्हणाली, "मामाजी, त्याच्यात पंधरा दिवसांचंच राहते जी. जागा भरली का जुनं आपोआप पुसून जाते. तुम्ही दवाखान्यात होते, तवाच तुमचं पहाटेचं सारं पुसलं."

महाराजांची मान पडली.

"पण एक काढून ठेवलं आहे मी. वेगळं."

मान वर आली. डोळे असे उजळले की पाहणाऱ्याला दया यावी. हर्षानं खुर्ची ढकलत पडद्यासमोर नेली.

पडद्यावर ओसरी दिसली. मार्गशीर्षातली तारीख. महाराज मांडी घालून बसलेले, हातात टाळ. हर्षा वाकून तुळशीला पाणी घालते आहे. आणि तो आवाज आला, खणखणीत, मांडवाच्या टोकापर्यंत पोचणारा:

"राहू दे, राहू दे! तू पाणी घालतं म्हणूनच वाळून राहिली ते. वांझेच्या हातचं तुळशीलेही पचत नाही."

लगेच टाळ वाजला. "रामकृष्ण हरी." तोही सुरात. आणि चित्र संपलं.

"दुसऱ्या खेपेलेही पोट पडून मले चारच दिवस झाले होते," हर्षा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुम्हाले आठवतही नसन. मी रोज लावतो हे. तुमचं आता एवढंच उरलं, मामाजी."

भूपेंद्र तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला, शनिवारी घरी आला. त्यानं ते ऐकलं आणि चेहरा पाडून म्हणाला, "हे लक्ष्मणरावले नको देऊ. बापाची लाज काहून काढतं?"

"तवा तुम्ही काय बोलले होते मले?"

भूपेंद्र पायात चपला घालू लागला.

"म्हातारा माणूस आहे, सोडून दे, म्हणाले. मग आता तुम्ही सोडून द्या ना."

काल्याच्या सकाळी लक्ष्मणराव दारात आला. हर्षानं पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला. "एकदा आयकून घ्या, भाऊजी."

"कायले? महाराजांचा आवाज का मी ओळखत नाही?"

महाराजांनी डाव्या हातानं त्याचं धोतर धरलं. "हं! हं! हं!" मान अशी हलवली की खुर्ची हलली. लक्ष्मणरावाचे डोळे भरून आले.

"पाहा वहिनी, वाचा गेली तरी सवय गेली नाही! अजूनही नाहीच म्हणून राहिले. डब्यात भरू नको म्हणतेत." त्यानं धोतर हळूच सोडवून घेतलं आणि पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, एवढ्या वेळी कोपू नका. आजचा दिवस गावाले देऊन टाका."

मांडवात खुर्ची अगदी समोर ठेवली. बाया येऊन पाया पडत होत्या, लेकरांची डोकी टेकवत होत्या. महाराज ओरडतच होते. लोकांना वाटलं, गहिवर दाटला. लक्ष्मणरावानं खूण केली आणि भोंगेवाल्या जागेश्वरनं आवाज लावला.

"राहू दे, राहू दे!" ऐकताच शेकडो हात जोडले गेले.

पुढचं वाक्य आलं तेव्हा ते तसेच जोडलेले राहिले. टाळ वाजला, "रामकृष्ण हरी" झालं. पेनड्राइव्हमध्ये दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तेच पुन्हा सुरू झालं. जागेश्वरची बोटं घाबरून भलतीच बटणं दाबत होती. तिसऱ्या खेपेला मागच्या पोरांत कुणीतरी फिदकन हसलं. बायांनी माना खाली घातल्या. हे बोल त्यांना काही नवे नव्हते, शेजारच्या चंद्रभागाबाईनं तर ते खुद्द हर्षाच्या तोंडावर म्हटले होते. फक्त भोंग्यावर कधी ऐकले नव्हते. चंद्रभागाबाई हळूच उठली आणि नातवाला घेऊन निघून गेली.

आवाज बंद झाला. हर्षा बायांतून वाट काढत पुढे आली. तिनं पदरानं सासऱ्याची लाळ पुसली, नेहमीसारखी, नीट. महाराजांचा डावा हात खुर्चीवरून खाली आला आणि तिच्या पायांकडे निघाला. वीतभर अंतर राहिलं.

हर्षानं ते पाहिलं. ती एक पाऊल मागे सरली आणि तिनं खुर्ची घराकडे वळवली.

"चला मामाजी. पेज निवून राहिली."